पुदिनावाल्यांचं पाकीट

माझ्या दादाला माणसांची नावं लक्षात राहत नाहीत. शेजारी चष्म्यांचं दुकान आहे, सत्तावीस वर्षं भिंतीला भिंत लागून आहे, पण त्या माणसाचं नाव विचारलं की दादा छताकडे बघायला लागतो. मात्र तो लांब सिगरेट ओढतो की आखूड, दिवसाला किती ओढतो आणि सासू राहायला आली की किती वाढतात, हे दादा झोपेतून उठवलं तरी सांगेल. सांगेल म्हणजे मला, तेही घरी, दार लावून. दुकानात उभं राहून एका गिऱ्हाईकाचं दुसऱ्या कोणाला त्याने कधी सांगितलं नाही. बायका येऊन विचारायच्या, आमचे हे तुमच्याकडून घेतात का हो? दादा म्हणायचा, आठवत नाही बाई, इतके लोक येतात. इतके लोक कधीच येत नव्हते, आणि आलेला प्रत्येक जण त्याला आठवत होता. सिगरेट विकायची तर तोंड शिवून विकायची, असं त्याचं म्हणणं. शिवणकाम माझं, पण तोंड शिवायला मला जमत नाही, म्हणून हे लिहितेय.

दुकान म्हणजे रस्त्याकडे उघडणारी एक मोठी खिडकीच. दोन्ही हात पसरले की दोन्ही भिंती लागतात. पुढे दादाचं काउंटर, मग पडदा, पडद्यामागे माझं मशीन. मी पँटची लांबी कमी करते, चेन बदलते, कोटाला नवं अस्तर लावते. नवऱ्याशी पटेना म्हणून मी परत आले, त्याच आठवड्यात दादाने मागची खोकी हलवून मशीनपुरती जागा केली. त्यावर तो आजवर चकार शब्द बोलला नाही आणि मीही कधी आभार मानले नाहीत, आमच्या घरात ते जमत नाही कोणाला. जागा आणि तंबाखू विक्रीचा परवाना दोन्ही एकाच कागदावर होते. परवाना गेला की खिडकी गेली, आणि खिडकीबरोबर माझं मशीनही.

दादाचं काम बघण्यासारखं होतं. तो गिऱ्हाईकाची वाट काउंटरवर बघत नसे, फुटपाथवर बघत असे. औषधाच्या दुकानापाशी माणूस दिसला की दादाचा हात फळीकडे जायचा, आणि तो खिडकीशी पोचेपर्यंत त्याचं पाकीट समोर असायचं. काय हवं, असं विचारणं त्याला अपमानाचं वाटे. गिऱ्हाईकाचाही आणि स्वतःचाही. माणसांना त्याने नावं ठेवलेली होती ती पाकिटावरून. लाल लांब. सोनेरी पट्टी. अर्धं पाकीटवाले, म्हणजे बायकोला एकच अर्धं पाकीट दाखवून दोन संपवणारे. आणि पुदिनावाले, ज्यांना थंड लागणारी, पुदिन्याच्या चवीची सिगरेट लागायची. स्वतः दादा ओढत नाही. धुराने त्याला ठसका लागतो. मिठाईवाल्याला गोड आवडत नाही, तसं ते आहे.

मग कर वाढायला लागले. आधी वर्षाला एकदा वाढायचे, तेवढं आम्ही पचवलं. गेल्या वर्षी दोनदा वाढले. सिगरेट वाईट आहे, हे मला कोणी शिकवायला नको. आमच्या वडिलांना मी खोकताना ऐकलंय, त्यांची शेवटची दोन वर्षं. लोकांनी सोडावी म्हणून कर वाढवला, असं सरकार म्हणतं, तर वाढवा. माझं भांडण त्याच्याशी नाही. माझं भांडण आहे ते त्या खिडकीत बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सगळं आणून आदळण्याशी. पाकिटाची किंमत दुप्पट झाली तरी दादाच्या हाती पडायचं ते पूर्वीएवढंच, आणि शिव्या मात्र दुप्पट. सरकार कोणाला दिसत नाही, दादा दिसतो. "काय, बंगला बांधताय की काय?" असं लाल लांबने त्याला विचारलं होतं. दादा कसनुसा हसला. मी पडद्याआड सुई दातात धरून बसले होते, नाहीतर बंगल्याचा पत्ताच दिला असता.

त्यातही एक मेख होती. कर वाढणार अशी कुणकुण लागली की व्हॅनवाला, म्हणजे दर मंगळवारी माल टाकणारा, हात वर करायचा. माल नाही म्हणायचा. माल असायचा, गोदामात गच्च भरलेला असायचा. कर वाढला की दुसऱ्या दिवशी तोच माल बाहेर, जुनी किंमत छापलेला, पण आमच्यासाठी नव्या भावाने. आता पाकिटावर छापलेली किंमत गिऱ्हाईक वाचणारच. बाकी काही न वाचणारी माणसंही तेवढं वाचतात. बाकीचे दुकानदार सरळ चढ्या भावाने विकत आणि भांडत. दादा छापील किमतीलाच देत बसला. जास्त पैसे देऊन आणलेलं पाकीट कमी पैशांना. मी त्याला म्हटलं, अरे, तू धर्मादाय दवाखाना काढलायस का? तो म्हणाला, छापलंय त्यापेक्षा जास्त घेतलं तर चोर मी दिसतो. व्हॅनवाला दिसत नाही कोणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

त्याच सुमारास कोपऱ्यावर पिशवीवाला उभा राहायला लागला. स्कूटरला दोन कापडी पिशव्या, आणि त्यांत करच न भरलेली पाकिटं. हिरवी, गुळगुळीत, वरची कराची चिकटपट्टी नसलेली. दादाच्या पाकिटापेक्षा निम्म्याहून कमी किमतीत. आठ दिवसांत आमची अर्धी गिऱ्हाइकं त्याच्याकडे. आणि लाज म्हणून ती नाहीच! दादाच्या खिडकीला दोरीने बांधलेला लायटर आहे, गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी. ही माणसं कोपऱ्यावरून हिरवं पाकीट घ्यायची आणि पेटवायला आमच्याकडे यायची. लायटरमध्ये गॅस भरायचा दादा. मी ती दोरी दोनदा कापून टाकली. दादाने दोन्ही वेळा नवी दोरी बांधली.

पिशवीवाला दादाकडेही आला होता. काका, तुम्ही ठेवा की, तुमच्याकडे जुनी माणसं आहेत, असं म्हणाला. दादाने त्याला उभं केलं नाही. पुन्हा आला, पुन्हा तेच. सहा महिने हे चाललं होतं, आणि त्या सहा महिन्यांत मला माझ्या भावाचा अभिमान वाटत होता. तसं त्याला सांगितलं मात्र नाही.

पुदिनावाले गेले, ते दादाला लागलं. एकोणीस वर्षांचं गिऱ्हाईक. उंच, वाकलेले, हातात चामडी बॅग, कधीही घाईत नसलेले. दादा त्यांना शाळामास्तर समजायचा, मी म्हणायचे पोस्टातले असतील. एकोणीस वर्षांत दोघांत जे बोलणं झालं ते एका पानावर मावेल. पण दादाला दवाखान्यात ठेवलं होतं तेव्हा रोज येऊन मला विचारणारा तोच एक माणूस होता. पहिली वाढ झाली तेव्हा त्यांनी पाकिटावरून अर्ध्यावर आणलं. दुसरी झाली आणि ते यायचेच बंद झाले. नंतर एक दिवस दादाने त्यांना पलीकडच्या फुटपाथवर बघितलं. त्यांच्या हातात हिरवं पाकीट होतं. रस्त्याच्या पलीकडून पाकीट ओळखणं दादाला कठीण नाही. त्यांची काडेपेटी संपली असावी, कारण ते रस्ता ओलांडून आले, मान खाली घालून लायटर घेतला, पेटवली आणि गेले. दादा म्हणाला, कसे आहात? ते म्हणाले, ठीक. त्या दिवशी दादाने डबा तसाच परत नेला, आणि वहिनीने मला विचारलं की दुकानातलं कोणी वारलं का.

पुढच्याच मंगळवारी व्हॅनवाल्याने सांगितलं की इतक्या थोड्या मालासाठी आता गाडी थांबणार नाही. ठरावीक खोक्यांपेक्षा कमी घ्यायचं असेल तर तुमचं तुम्ही गोदामावर येऊन न्या. गोदाम शहराबाहेर. दुपारी मी कोटाची बाही उसवत होते, तेव्हा पडद्याच्या फटीतून मला दिसलं की पिशवीवाला खिडकीशी उभा आहे आणि दादा त्याच्याकडून एक खोकं घेतोय. दहा हिरवी पाकिटं. त्याने ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवली.

मी बाहेर आले आणि जे तोंडाला येईल ते बोलले. वडिलांपासून सुरुवात केली. दादा ऐकत राहिला, फळी पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "सगळ्यांना देणार नाही गं. एकालाच. ते परत येतील."

एका गिऱ्हाईकासाठी माणूस परवाना पणाला लावतो, हे मी दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसेल. पण दादाचं हिशेबी डोकं नाहीच. त्याला वाटलं, पुदिनावाले दुकान सोडून गेले कारण त्यांना हवं ते पाकीट फळीवर नव्हतं. पाकीट ठेवलं की माणूस येईल. सत्तावीस वर्षं असंच तर चाललं होतं.

आणि ते आले. बरोबर नवव्या दिवशी, सकाळी, औषधाच्या दुकानापाशी दिसले. दादाचा चेहरा असा उजळला की मी मशीन थांबवून पडदा सारला. ते एकटे नव्हते. एका बाजूला गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण बाई, दुसऱ्या बाजूला हातात कागदांची फाइल घेतलेला माणूस. मला ते दिसलं. दादाला नाही दिसलं. तो माणसाकडे बघतच नव्हता, तो पाकीट बघत होता, त्याची सवयच तशी. हात खाली गेला, डब्याचं झाकण वाजलं, आणि ते तिघे खिडकीशी पोचले तेव्हा हिरवं पाकीट काउंटरच्या मधोमध ठेवलेलं होतं.

"या," दादा म्हणाला. "बऱ्याच दिवसांनी."

पुदिनावाल्यांच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी इतक्या जवळून कोणाचा असा उतरताना पाहिला नव्हता. त्यांनी दादाकडे बघितलं, पाकिटाकडे बघितलं, आणि तेवढ्यात त्या तरुण बाईने पाकीट उचलून उलटं केलं. पट्टी नव्हती. ती म्हणाली, सर, हे बघा. सर म्हणाले, हो. मग घसा साफ करून दादाला म्हणाले की ते कर खात्यातून आले आहेत आणि या रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांची तपासणी आहे.

एकोणीस वर्षं रोज पाकीट दिलं, आणि माणूस काय काम करतो हे दादाने विचारलं नव्हतं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं. नुसतं विचारलं असतं, साहेब कुठे असता, तर हे झालं नसतं. पण गिऱ्हाईकाला काही न विचारणं हाच त्याचा मोठेपणा होता. त्या मोठेपणाला मी आजही हात जोडते, कोपरापासून. उरलेली नऊ पाकिटं डब्यातून निघाली. पंचनामा लिहिला पुदिनावाल्यांनीच, माझ्या शिलाईच्या टेबलावर बसून. त्यांचं अक्षर सुंदर होतं. लिहिताना त्यांच्या डाव्या हाताची दोन पिवळी बोटं कागद दाबून धरत होती, आणि खिशात हिरव्या पाकिटाचा कोपरा दिसत होता. मी तो बघितला, हे त्यांनीही बघितलं. मी तोंड उघडणार तोच दादाने माझ्याकडे असं पाहिलं की माझी दातखीळ बसली. पिशवीवाला कोपऱ्यावरून तासभर आधीच नाहीसा झाला होता. अशा माणसांना कोण कळवतं, देव जाणे.

तीन आठवड्यांनी सुनावणी होती. मी दादाबरोबर गेले, कारण त्याला एकट्याला पाठवलं तर तो स्वतःच्या विरुद्ध साक्ष देऊन येईल याची मला खात्री होती. खोली छोटी, पंखा मोठा, कागद उडू नयेत म्हणून प्रत्येक गठ्ठ्यावर काही ना काही ठेवलेलं. टेबलामागे वयस्कर अधिकारी बाई होत्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. बाजूच्या खुर्चीत पुदिनावाले, समोर फाइल उघडून. बाईंनी आधीचं सगळं वाचलं. सत्तावीस वर्षांत एकही तक्रार नाही, हे त्यांनी स्वतःच मोठ्याने म्हटलं. मला हायसं वाटलं. मग त्या म्हणाल्या की पहिलीच वेळ आहे, सहकार्य केलं तर समज देऊन सोडता येईल. माल कोणी दिला आणि कोणाला विकला, एवढं खरं सांगा. पिशवीवाल्याचं दादाने सांगितलं, स्कूटरच्या रंगासकट. नाव माहीत नाही म्हणाला, आणि ते खरंच होतं.

बाईंनी पंचनाम्यावर बोट ठेवलं. म्हणाल्या, तपासणीच्या वेळी पाकीट काउंटरवर काढून ठेवलेलं होतं असं यात आहे. गिऱ्हाईक उभं होतं असं मात्र नाही. हे जुळत नाही.

"मग हे पाकीट कोणासाठी काढलं होतं?"

मी पुदिनावाल्यांकडे बघितलं. ते फाइलकडे बघत होते. पान उलटत नव्हते, नुसते बघत होते. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. एकोणीस वर्षांची ओळख आहे, दवाखान्याची चौकशी करणारा माणूस आहे, बोलेल. तो बोलला नाही. मी दादाला कोपर मारलं. एकच वाक्य बोलायचं होतं त्याला. हात वर करून बोट दाखवलं असतं तरी चाललं असतं.

"माझ्यासाठी," दादा म्हणाला. "ओढायला काढलं होतं."

बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. त्याचे दात पाहिले, बोटं पाहिली. मग शेजारच्या खुर्चीकडेही एकदा पाहिलं, मी शपथेवर सांगते. तुम्ही ओढता? असं त्यांनी हळू विचारलं. दादा म्हणाला, अधूनमधून. त्याने शब्द मागे घ्यावा म्हणून त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्याने घेतला नाही. पुरवठादार सापडत नाही, विक्रीबद्दल सहकार्य नाही, असं त्यांनी लिहिलं आणि परवाना रद्द केला. जागा महिनाअखेर रिकामी करायची. दादाने जिथे दाखवलं तिथे सही केली. वहिनी तो कागद वाचणार, त्यात तो ओढतो असं लिहिलेलं असणार, आणि मी काहीही सांगितलं तरी तिच्या मनात एक किडा राहणारच, हे त्याच्या डोक्यात आलं की नाही कोण जाणे. माझ्या आलं.

जिन्यावर पुदिनावाले मागून आले. धापा टाकत होते. दादाला म्हणाले की सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करा, मी बघतो काय करता येतं ते. आवाज इतका बारीक की मलाच त्यांची कीव आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला. दादाने मान डोलावली. त्यांच्या जागी मी असते तर तिथेच पायरीवर बसून रडले असते. ते बॅग सावरत वर गेले.

रस्त्यावर आल्यावर मी दादाला सोडलं नाही. म्हटलं, तुला एक वाक्य बोलता आलं नाही? त्याच्या खिशात पाकीट होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. तो महिन्याला पगार घेतो त्या कराचा, आणि स्वतः बिनकराची ओढतो, आणि तू त्याला झाकलंस. माझ्या मशीनचा तरी विचार करायचा. हे मी बोलायला नको होतं, पण बोलले.

दादा चालत राहिला. चौकात गाड्या जाईपर्यंत थांबलो तेव्हा म्हणाला, "मशीनसाठी घरात पुढची खोली रिकामी करू. उजेड चांगला आहे तिथे."

"मी ते विचारत नाहीये. तू सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती."

"आणि तुझं दुकान गेलं ते?"

"ते आज नाही गेलं," तो म्हणाला. "कर घेणाऱ्या माणसालासुद्धा माझ्याकडचं पाकीट परवडेना, तेव्हाच गेलं होतं गं. आज नुसता कागद झाला."

गाड्या थांबल्या, आम्ही रस्ता ओलांडला. त्याचं म्हणणं खरं होतं, आणि पुढच्या खोलीत त्या चांगल्या उजेडात मशीन चालवताना याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त राग येतो.